प्रश्न एका तलावाचा, अभ्यास एका वर्षाचा

अकरावीच्या विद्यार्थ्यास 'पाणी' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले, तर तो दोन तासांत लिहून देतो. पाण्याचे महत्त्व, पाण्याची टंचाई, पाणी जपून वापरण्याचे आवाहन हे सारे त्यात ओळीने येते. त्याच विद्यार्थ्यास 'दुष्काळी कामातून बांधलेल्या आपल्या गावच्या पाझर तलावामुळे त्याखालील विहिरींवरच्या पिकांत कोणता फरक पडला?' असे विचारले, तर मात्र उत्तर कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाही. ते त्याला शोधावे लागते. दीर्घ संशोधन निबंधाचे बीज या शोधात आहे.

अशा निबंधाला शालेय शिक्षणात मानाचे स्थान देणाऱ्या पद्धती जगात आहेत. १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या पदविका अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतः निवडलेल्या विषयावर कमाल ४,००० शब्दांचा निबंध लिहावा लागतो. आपल्याकडेही १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने मुलांना आपल्या परिसरातील प्रश्नांकडे वळविले. अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षणात प्रकल्प आला. परंतु दुकानातून तयार प्रकल्प विकत आणणे, इतरांची वही उतरवून घेणे आणि अलीकडे संगणकाकडून मजकूर लिहवून घेणे, यांमुळे त्यातील अभ्यासाचा भाग कित्येकदा गळून पडतो. हे टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्याचे उत्तर केवळ आपल्याच गावात मिळू शकेल, असा प्रश्न निवडणे.

विषय नव्हे, प्रश्न

'१९७२ चा दुष्काळ' हा विषय आहे. तो विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. एवढा पट एका निबंधात मावणार नाही. 'आमचा पाझर तलाव' हाही विषयच आहे. त्यातून केवळ वर्णन निघेल. एक गाव, एक तलाव, ठरावीक वर्षे आणि मोजता येईल असा एक फरक, एवढे ठरले म्हणजे प्रश्न तयार झाला.

प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक असू नये, हेही महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पाणी मुरते ते त्याच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांतून. त्यामुळे एखादा तलाव खालच्या दहा विहिरींना तारतो, तर दुसऱ्याचे पाणी जवळच्या विहिरीपर्यंतही पोचत नाही. आपल्या गावात काय घडले, हे शोधल्याशिवाय कोणालाही सांगता यावयाचे नाही.

साधने कोठे मिळतील?

या प्रश्नाची साधने तालुक्याच्या व जिल्ह्याच्या परिघात आहेत. गाव नमुना बारामध्ये गटवार पिके, त्यांखालील क्षेत्र आणि सिंचनाचे साधन यांच्या नोंदी असतात. जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे विचारणा करावी लागते. तालुक्याच्या पावसाचे आकडे मिळवावेत. नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय तलावाला दिले जाईल. १९७२ मध्येच स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. जवळपास अशी विहीर असल्यास तिच्या नोंदी बहुमोल ठरतील. १९७१ व १९८१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिका आणि जिल्हा गॅझेटियर यांतून गावाची पार्श्वभूमी समजते.

दुसरे साधन म्हणजे माणसे. त्या कामावर ज्यांनी पाटी वाहिली, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना 'दुष्काळ कसा होता?' असे विचारल्यास मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी येतील, त्या ऐकाव्यातच. पण निबंधासाठी प्रश्न नेमका हवा: 'तलावापूर्वी आपल्या विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकत असे?' शेतकरी सन सांगणार नाही कदाचित, पण 'होळीला मोट थांबायची, नंतर अक्षय तृतीयेपर्यंत चालू लागली' असे सांगेल. हा महत्त्वाचा पुरावा आहे. मात्र एकाच्या आठवणीवर न विसंबता शेजारच्या विहिरीच्या मालकालाही तोच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी आणि त्याची इच्छा नसल्यास नाव छापू नये.

प्रत्येक नोंद वहीत उतरविताना दप्तराचे नाव, वर्ष आणि पाहिल्याची तारीख लगेच लिहावी. हे राहून गेले की तीन महिन्यांनी आकडा हाती असतो, पण तो कोठला हे सांगता येत नाही.

वर्षाची आखणी

असा निबंध अकरावीच्या वर्षात घेणे सोयीचे. जुलैअखेर प्रश्न निश्चित व्हावा. ऑगस्टमध्ये पार्श्वभूमीचे वाचन, सप्टेंबरमध्ये दप्तरांची पाहणी आणि दिवाळीच्या सुटीत मुलाखती व विहिरींची पाहणी करावी. नोव्हेंबरमध्ये तक्ते व गावचा नकाशा तयार व्हावा, डिसेंबरमध्ये पहिला खर्डा आणि जानेवारीत शेवटचा. दप्तर पहिल्या फेरीत मिळतेच असे नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये सवड ठेवावी.

४,००० शब्दांची विभागणी साधारण अशी करता येईल: प्रस्तावना व प्रश्न ४००, गाव व तलाव ६००, माहिती मिळविण्याची रीत ५००, पुरावा व विवेचन २,०००, निष्कर्ष ५००. निम्मा निबंध पुराव्यासाठी राखलेला आहे, हे ध्यानात यावे. प्रस्तावना सर्वांत शेवटी पक्की करावी.

पुराव्यावरून अनुमान

समजा, तलावानंतर बागायत क्षेत्र वाढल्याचे नोंदींवरून दिसले. तेवढ्यावरून ते तलावामुळे वाढले असे म्हणता येईल काय? त्याच सुमारास गावात वीज आली असेल, मोटेच्या जागी पंप बसले असतील, विहिरी खोल केल्या गेल्या असतील. म्हणून तलावाच्या वरच्या अंगाच्या विहिरीही तपासाव्यात. तेथेही बागायत तितकीच वाढली असेल, तर श्रेय तलावाचे नव्हे. पीक पाहणी प्रत्यक्ष बांधावर झाली होती की चावडीत बसून, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पुराव्यातील उणीव निबंधात मोकळेपणाने नमूद केल्याने निबंधाचे मोल वाढते.

मोठ्यांचे काम

मार्गदर्शक शिक्षकाने प्रश्न विचारावेत, उत्तरे पुरवू नयेत. वर उल्लेखिलेल्या पदविका अभ्यासक्रमात एका विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शनाचा वेळ तीन ते पाच तास इतकाच असतो, पूर्ण खर्ड्यावर मार्गदर्शकाने एकदाच अभिप्राय द्यावयाचा असतो आणि अखेरीस विद्यार्थ्याशी संभाषण होते. हा शेवटचा नियम आपण अवश्य घ्यावा. 'हा आकडा कोठून मिळाला? हे अनुमान कसे काढले?' असे दहा मिनिटे विचारले की निबंध कोणी लिहिला हे वेगळे तपासावे लागत नाही.

अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्याकडे दप्तराची किल्ली आहे. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आलेल्या मुलीला 'साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात ये' असे तीनदा ऐकावे लागले, तर ती चौथ्यांदा येणार नाही. ती दुकानातून तयार प्रकल्प घेईल. ज्या नोंदी खुल्या आहेत त्या दाखविण्यासाठी आठवड्यातील एक दुपार ठरवून दिली, तरी पुष्कळ होईल.

निष्कर्ष गावाला रुचेल असाच निघेल, अशी मात्र अपेक्षा ठेवू नये. तलाव गाळाने भरला आहे आणि कित्येक वर्षांपासून त्याचा विहिरींना उपयोग नाही, असेही त्या मुलीला आढळेल. पुरावा पक्का असेल, तर ग्रामसभेने तिला ते वाचून दाखवू द्यावे. गाळ काढावयाचा की नाही याचा निर्णय पुढे होईल. पण तो ज्या माहितीवर व्हावयास हवा, ती गावाच्याच एका विद्यार्थिनीने मिळविलेली असेल. ज्यांच्या स्मरणात ती माहिती आहे ती पिढी मावळत चालली आहे. म्हणून हे काम पुढील वर्षावर न टाकता याच जुलैत सुरू व्हावे.