‘वऱ्हाड’ मोडू नये म्हणून

मराठी ई-बुकची फाइल हातात आली की मी तिच्यात आधी ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधतो. तो धड दिसला तर पुढचं वाचायचं. नाहीतर फाइल परत.

ही खोड मला अकोल्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या कथासंग्रहानं लावली. छापील पुस्तक श्रीलिपीत जुळवलेलं होतं. ई-बुकचं काम त्यांनी बाहेर दिलं. फाइल आली, मुलानं फोनवर मुखपृष्ठ आणि पहिलं पान पाहिलं, घरात पेढे वाटले. आतली पानं गुरुजींनीच वाचली आणि मला बोलावलं. “काहून रे, हे असं कायले दिसून राह्यलं?” पानोपानी ‘वर्हाड’, ‘शेतकर्यानं’, ‘दुसर्या’. त्यांच्या भाच्याच्या जुन्या रीडरवर तर ‘ॲ’च्या जागी नुसते चौकोन. आणि खरं दुःख वेगळंच होतं. कुणीतरी शुद्धलेखन तपासणारी सोय चालवून ‘मले’चं ‘मला’ आणि ‘तुले’चं ‘तुला’ करून टाकलं होतं. गुरुजींची सगळी पात्रं पुण्याची झाली!

हे का होतं ते समजून घेतलं तर निम्मं काम सोपं होतं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या पद्धतींत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठलेले असतात दुसरेच संकेत. फाँट काढला की उरतो निरर्थक मजकूर. युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी, रफार यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि तिथेच घसरगुंडी होते. ‘ऱ्ह’ युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. फाइल ‘स्वच्छ’ करणाऱ्यानं अदृश्य चिन्हं झाडून काढली की दुसऱ्या तऱ्हेतलं वऱ्हाड मोडतं. म्हणून सगळीकडे ‘ऱ’च वापरा. दोन्ही तऱ्हा मिसळल्या तर शोधही अर्धाच लागतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटांत ते नसतंच. रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी घेऊन ओळ न् ओळ वाचावी लागते, त्याला पर्याय नाही. बोलीतलं पुस्तक असेल तर आपोआप दुरुस्ती आधी बंद करा.

आता यंत्रांकडे. किंडलवर मराठी पुस्तकांची सोय कंपनीनं डिसेंबर 2016मध्ये जाहीर केली. फार जुन्या यंत्रांकडून जोडाक्षरांची अपेक्षा ठेवू नये. किंडलच्या जुन्या मोबी प्रकारच्या फाइलीत फाँट आत भरताच येत नव्हता. अशी जुनी यंत्रं वापरणाऱ्या वाचकांसाठी मी सरळ वेगळी पीडीएफ करतो, पण ए-फोर आकाराची नाही. सहा इंची पडद्यावर ए-फोर म्हणजे मुंग्यांची रांग. पान साधारण 9 बाय 12 सेंटिमीटरचं ठेवायचं. त्यात अक्षरांची रूपं गोठलेली असतात, म्हणून वऱ्हाड वऱ्हाडच राहतं.

बाकी सगळ्यांसाठी एकच साधी ईपब. तिसऱ्या आवृत्तीची करा, पण दुसऱ्या आवृत्तीतली एनसीएक्स अनुक्रमणिकाही आत राहू द्या. जुनी यंत्रं तीच वाचतात. भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत हवा. तो हिंदीचा राहिला तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे काढतात. तिरो देवनागरी मराठीसारखा मुक्त परवान्याचा फाँट आत भरा, आणि सुरुवातीच्या पानावर वाचकाला सांगा की यंत्राच्या सेटिंगमध्ये प्रकाशकाचा फाँट निवडावा.

अक्षराचा आकार पॉइंटात बांधू नका. चष्मेवाल्या वाचकाला तो वाढवता आला पाहिजे. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट असू द्या, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट नको, लांब मराठी शब्दांमुळे मध्ये खिंडारं पडतात. प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची हौस तर सोडाच: ‘कि’मधला ‘क’ मोठा होतो आणि वेलांटी कुठेतरी लोंबकळते. कवितेच्या ओळी स्पेस मारून सरकवू नका, समास द्या. रंगीत ठळकपणा करड्या पडद्यावर दिसत नाही.

ईपबचेक हे फुकटचं साधन चुका दाखवतं, पण ते सांगाड्याच्या. ‘वर्हाड’ त्याला चुकीचं वाटत नाही.

काम बाहेर देणार असाल तर पैसे चुकते करण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या: युनिकोडमधला शुद्ध मजकूर आणि ईपबची मूळ फाइल. गुरुजींकडे नुसती मोबी होती. नवी आवृत्ती काढायला आम्हाला छापील पुस्तकच पुन्हा टंकायला बसावं लागलं.