भातकापणी आणि रोजगार हमीचे काम

कशेळे परिसरात भाताची कापणी व झोडणी आटोपली की शेतावरील मजुरी जवळजवळ संपते. खाचरातील ओलीवर वाल पेरला जातो. परंतु त्याला मजूर फारसे लागत नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी कुटुंबांना मग मृग लागेपर्यंत काम शोधावे लागते. त्यातील कातकरी कुटुंबे बहुधा वीटभट्टीची वाट धरतात. भट्टीवाल्याची उचल दिवाळीच्या सुमारास, कधी त्याआधीही, घरात येते. ती घेतली की मुलाबाळांसह सारे कुटुंब पावसाळ्यापर्यंत बांधले जाते. तेव्हा शासनाचे काम पौषात निघाले, तर ते कितीही चांगले असले तरी या कुटुंबांच्या उपयोगी पडत नाही.

काम मागण्याचा हक्क महाराष्ट्रात नवा नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला. १९७२ साली योजना राज्यात सुरू झाली व १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामी व्यवसाय कराचा पैसा वापरला गेला. म्हणजे मुंबईच्या कचेरीतील पगारातून खेड्यातील बांध उभा राहिला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवस धरले आहेत. मात्र पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षाकाठी ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे.

शेतकऱ्यास कापणीला मजूर मिळावा, हा त्यामागील हेतू रास्त होय. पण कशेळ्याकडे कापणीचे दिवस तेच उचलीचे दिवस! म्हणून ग्रामसेवकाने कापणी चालू असतानाच वाडीवर जाऊन लेखी अर्ज भरून घ्यावेत आणि तारखेसह पोच द्यावी. अर्जापासून पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, असा नियम आहे. पोच नसेल तर हे पंधरा दिवस कोठून मोजावयाचे, हेच ठरत नाही.

कामेही आधी ठरवून ठेवावीत. येथील वरकस जमिनीवर मजगी करणे व फळबागेचे खड्डे घेणे ही दोन कामे विशेष सोयीची आहेत. फळबाग लागवड १९९० साली रोजगार हमीशी जोडली गेली. आंब्यासाठी १० मीटर अंतरावर एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावयाचा असतो. हेक्टरी १०० खड्डे, म्हणजे १०० घनमीटर खोदाई होते. मजुरी मोजमापावर ठरते, म्हणून माती, मुरूम व कातळ यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. मुरमाचे काम मातीच्या दराने मोजल्यास मजुराचे नुकसान होते व तो पुन्हा भट्टीकडे वळतो. वरच्या थरातील माती निराळी काढून, शेणखत व सुपर फॉस्फेट मिसळून तिनेच खड्डा भरावा. उथळ खड्ड्यातील कलम दुसऱ्या उन्हाळ्यात वाळते, हे बागाईतदारास सांगावे लागत नाही.

काम संपल्यावर मजुराच्या हाती काही कसब राहावे, हाही विचार व्हावा. १९७९ साली सुरू झालेल्या ट्रायसेम योजनेत ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देण्यात येत असे. १९९९ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. शिकलेल्या हातांना गावातच गिऱ्हाईक मिळाले पाहिजे, नाहीतर शिक्षण कागदावर राहते. आंब्याच्या कोय कलमास तसे गिऱ्हाईक आहे. कोकणातील दमट हवेत जून ते ऑगस्ट या काळात ती कलमे बांधता येतात. त्यासाठी कोयी मे महिन्यापासूनच गोळा कराव्या लागतात. तेव्हा खड्ड्यांच्या कामावर असलेल्या स्त्री-पुरुषांपैकी शिकू इच्छिणाऱ्यांची यादी त्याच वेळी करावी.