जुन्या नाण्याची पारख

शेतांत सांपडलें म्हणून कोणीं कारंजा लाडच्या बाजारांत रोमी नाणें पुढें केलें, तर तें कसें पारखावें? ठेवे निघतात हें खरें. शेजारच्या मंगरूळपीर तालुक्यांत तऱ्हाळा येथें १९३९ सालीं सातवाहन राजांच्या सुमारें दीड हजार नाण्यांचा ठेवा सांपडला. परंतु रोमी नाण्यांचे मोठे साठे बहुधा दक्षिण हिंदुस्थानांत मिळाले आहेत. वऱ्हाडांत कोणी मूठभर दाखवूं लागल्यास आम्हांस आधीं संशय येतो.

तिबिर्य कैसराचा रुप्याचा दिनार सुमारें पावणेचार ग्रॅम भरतो. तेव्हां प्रथम तराजू. मग कडा पाहावी. खरें नाणें ठशांमध्यें धरून हातोड्याच्या घावानें पाडीत. म्हणून अक्षरें ठसठशीत, व चित्र पुष्कळदां एका बाजूस सरकलेलें. ओतीव नकलेचीं अक्षरें बोथट, अंगावर बारीक छिद्रें, आणि कडेस सांध्याची रेघ कानशीनें घासलेली. दोन नाण्यांवर ओरखडासुद्धां एकाच जागीं असेल, तर एक तरी नक्कल होय. तांब्यावर रुपें मढविलेलीं खोटीं नाणीं रोमी काळींही चालत. जुनें तें सोनें ही म्हण येथें उपयोगाची नाहीं. छिन्नीचा घाव मात्र दोष मानूं नये. हिंदुस्थानांत मिळालेल्या पुष्कळ रोमी नाण्यांवर तो आहे.

कराच्या नाण्याची शुभवर्तमानांतील गोष्ट सांगून भाविकांकडून चौपट दाम घेणारे विक्रेते असतात. नाण्यावर कैसराचें मुख आहे, एवढ्यानें तें प्रभूस दाखविलेलें नाणें ठरत नाहीं.

शेतांत खरोखर ठेवा निघाल्यास तो चिंचेनें घासूं नये; सोनाराच्या मुशींत तर मुळींच घालूं नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावा लागतो.