आजीचे कपाळ आणि टेलिफोटोची चौकट

छायाचित्र बिघडले की आपण प्रथम कॅमेऱ्याला दोष देतो. मीही दिला होता. गावातील एका वृद्ध छायाचित्रकाराकडून मी झोर्की-4 हा सोव्हिएत बनावटीचा रेंजफाइंडर कॅमेरा आणि 135 मिलिमीटरची ज्युपिटर-11 लेन्स चार दिवसांसाठी मागून आणली. आमच्या घरी भिंतीवर आजीचा एकही फोटो नव्हता. आजी डोईवर पदर घेऊन ओसरीवर बसली. रोल धुऊन आला तेव्हा डोळे, सुरकुत्या सारे स्वच्छ होते. पण अर्धे कपाळ आणि पदर गायब! आजी म्हणाली, “पदर तर घेतला व्हता की रं, मग डोकं कुठं ठिवलंस?” या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एसएलआर कॅमेऱ्यात आरशामुळे लेन्सला जे दिसते तेच डोळ्याला दिसते. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहत नाही, वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे लेन्स बदलली तरी खिडकीतील दृश्य बदलत नाही. झोर्कीच्या खिडकीत 50 मिलिमीटर लेन्सचे क्षेत्र दिसते. 135 ची लेन्स त्यातील मधला, जेमतेम सातवा हिस्सा टिपते. म्हणून कॅमेऱ्याच्या माथ्यावर निराळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. 1954 साली आलेल्या लायका एम3 मध्ये 50, 90 आणि 135 च्या चौकटी खिडकीतच उजळ रेषांनी दिसतात व फोकसबरोबर सरकतात. मात्र त्यांचा आकार बदलत नाही. म्हणून दूरच्या दृश्यात चौकटीपेक्षा थोडे अधिकच फिल्मवर येते.

आता माझी चूक. फिल्मवरील चित्र 24 × 36 मिलिमीटरचे असते. आजी 3 मीटरवर बसली होती. तेवढ्या अंतरावर 135 ची लेन्स सुमारे 80 सेंटीमीटर रुंद आणि 53 सेंटीमीटर उंच एवढाच भाग घेते. माथ्यावरचा व्ह्यूफाइंडर लेन्सच्या 7 सेंटीमीटर वर आहे असे धरू. दोघेही सरळ समोर पाहत असतील तर लेन्सचे क्षेत्र तेवढेच खाली राहते. 53 मधले 7 म्हणजे जवळजवळ आठवा भाग! मी पदराची कड चौकटीला भिडवून ठेवली होती. ती कापली जाणारच. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. 50 च्या लेन्सने त्याच जागेवरून 144 सेंटीमीटर उंचीचा भाग आला असता आणि हा फरक फारसा जाणवला नसता. 30 मीटरवरच्या झाडाच्या बाबतीतही तो नगण्य ठरतो. व्ह्यूफाइंडरला अंतरानुसार तिरपा करणारी एक कळ असते. मी ती दूरच्या खुणेवरच ठेवली होती. कॅमेरा निर्दोष होता.

दुसरी अडचण फोकसची. एका खिडकीत फोकस करायचा आणि दुसरीत चौकट पाहायची. एफ/4 वर 3 मीटर अंतरावर सुमारे 12 सेंटीमीटरच खोली स्पष्ट येते. मधल्या क्षणात माणूस पुढे झुकला की डोळे अस्पष्ट. अशा कारणांमुळे लांब लेन्स एसएलआरकडे गेल्या आणि रेंजफाइंडरवर 135 ही साधारण मर्यादा राहिली.

तरीही या पद्धतीचा एक गुण मला मोलाचा वाटतो. लायकासारख्या कॅमेऱ्यात चौकटीबाहेरचे जगही दिसते. कोण आत येणार, कोण बाहेर जाणार, हे आधीच कळते. एसएलआरमध्ये चौकटीबाहेर काळोख असतो.

ज्यांच्या हाती असा कॅमेरा येईल त्यांनी एवढे पाळावे: आधी फोकस, मग लेन्सवरचे अंतर वाचून कळ त्या अंतरावर, मग चौकट. जवळच्या माणसाच्या डोक्यावर थोडी जागा मोकळी सोडावी. छापताना ती कापता येते, पण न आलेले कपाळ कुठून आणणार?

कॅमेरा परत करण्यापूर्वी रोलमध्ये तीन फोटो शिल्लक होते. आजीला पुन्हा ओसरीवर बसवले. कळ 3 मीटरवर आणली, एफ/8 ठेवले आणि पदराच्या वर चार बोटे जागा सोडली. तो फोटो आता भिंतीवर आहे. आजीने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, पदरावर बोट ठेवले आणि म्हणाली, “आता समदी हाय मी.”