चप्पल बाहेर काढून फोन कर

कपाटाच्या किल्ल्या दिल्या, रजिस्टरं दिली, खेळण्यांची पेटीही दिली. पण 2020 आणि 2021 या दोन वर्षांत आपल्या बालमार्गदर्शन विभागात जे शिकलो ते कुठल्याच रजिस्टरात नाही. म्हणून निवृत्तीचा नारळ हातात घ्यायच्या आधी तोंडी सांगते. कोविडसारखी साथ पुन्हा येईल की नाही ते मला विचारू नकोस. आली तर पहिले दोन महिने आमचे फुकट गेले तसे तुझे जाऊ नयेत, एवढंच.

मार्चमध्ये लोकल थांबल्या. आपली मुलं यायची बदलापूरहून, विरारहून, गोवंडीहून. आई एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हाताने केसपेपर धरून यायची. ते सगळं एका रात्रीत बंद झालं. आपली खोली तापाच्या रुग्णांच्या नोंदणीला गेली आणि मला एका जिन्याखाली टेबल आणि फोन मिळाला. मी रोज मुलांना फोन करायला लागले. खूप काम करतेय असं वाटायचं. मग एका दहा वर्षांच्या मुलाने सांगितलं, ‘मॅडम, माझं सांगून संपलं, आता तुम्हीच काहीतरी सांगा.’ तेव्हा कळलं की मी माझी धाकधूक शांत करायला फोन करत होते.

एक लक्षात ठेव, पोरी. ओपीडीत मूल आपल्या खोलीत येतं आणि आपल्या नियमांनी बसतं. फोनवर आपण त्याच्या घरात जातो. कुकरची शिट्टी, टीव्ही, आजोबांचा खोकला, सगळं ऐकू येतं. तेव्हा पाहुण्यासारखं वाग, चप्पल बाहेर काढून आत जा. ‘अजून आंघोळ नाही केली?’ असलं काही विचारायचं नाही. आठवड्यातून एकदा, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. घरात फोन एकच असतो आणि तो बापाच्या खिशात कामावर जातो, म्हणजे वेळ रात्री आठची. तुझी ड्यूटी चारला संपते हे मुलाला ठाऊक नसतं. जमणार नसेल तर आधीच सांग; घड्याळाकडे बघत बसलेल्या मुलाला ताटकळत ठेवू नकोस.

आणखी एक. अनोळखी नंबर आया उचलत नाहीत, बँकवाला वाटतो. आपल्या विभागातल्या मावशींना मात्र प्रत्येक आई ओळखते, ओपीडीच्या रांगेत त्यांनीच तिला पाणी दिलेलं असतं. पहिला फोन मावशींना लावायला लावला आणि निम्मी घरं परत मिळाली. ही युक्ती कुठल्याही डॉक्टरला सुचली नव्हती, मलाही नाही. मावशींनाच सुचली.

25 मार्च 2020 ला केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली. अल्पवयीन मुलाशी सल्लामसलत करायची तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटवलेली हवी. नियम बरोबरच आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत मूल आईबापासमोर काय बोलणार? आधी मोठ्या माणसाशी बोल, नाव-नातं केसपेपरवर लिही, मग त्यालाच सांग की आता दहा मिनिटं गॅलरीत उभे राहा. नाहीच जमलं तर हो-नाहीचे प्रश्न विचार. ‘आत्ता जवळ कोणी आहे का? त्याच्यासमोर बोलायला नको वाटतंय का?’ मूल नुसतं ‘हो’ म्हणालं तर बाकीच्यांना काही कळत नाही. एका मुलीशी मी खूण ठरवली होती: ती ‘आज चित्र नाही काढलं’ म्हणाली की विषय बदलायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन करायचा. ती तीनदा तसं म्हणाली. चौथ्या वेळी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनची मदत घ्यावी लागली. यापुढचं तुला सांगणार नाही, ते तिचं आहे.

जिवाला धोका असलेल्या मुलाचा फोन असेल तर गप्पांच्या आधी तीन गोष्टी लिहून घे: आत्ता नेमकं कुठे आहेस, शेजारच्या कोणाचा नंबर, आणि फोन कट झाला तर कोणी कोणाला लावायचा. नेट जातं, बॅटरी संपते. मधेच तुटलेल्या फोनसारखी वाईट रात्र नाही. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध कुलपात टाकायला मोठ्या माणसाला त्याच फोनवर सांग.

औषधांचं थोडक्यात. चंचल मुलांचं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं, ते फोनवर लिहून देता येत नाही. त्यासाठी कागद लागतोच, म्हणून ती नावं वेगळ्या वहीत ठेव आणि गोळ्या संपायच्या आधी आठवण कर. बरीच कुटुंबं गावी निघून गेली होती. ‘आत्ता कुठे आहात’ हे दर वेळी विचार. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमातून औषध मिळू शकतं हे त्यांना ठाऊक नसतं.

वॉर्डात पीपीई किट घालून गेलीस की मूल घाबरून रडतं. छातीवर तुझा हसरा फोटो चिकटव, मोठा. मेरी बेथ हेफर्नन नावाच्या अमेरिकन कलाकार बाईंनी इबोलाच्या साथीत लायबेरियात हे सुरू केलं होतं. आपल्याकडे खेळण्यांतल्या मऊ बाहुल्या आणि माती कोविडमध्ये बंद कराव्या लागल्या, दर मुलामागे त्या धुता येत नाहीत. प्रत्येक मुलाला स्वतःच्या खडूंची पिशवी दिली. ती पद्धत आताही ठेव, मुलांना ‘माझी’ पिशवी आवडते.

आता खरं अवघड. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये आईबाप गेलेली मुलं आली. घरातले म्हणायचे, सांगू नका, बाबा गावाला गेलेत असं सांगितलंय. एक मुलगा रोज संध्याकाळी खालच्या फाटकापाशी जाऊन बसायचा, गावाहून येणारी गाडी बघायला. खोटं बोलणाऱ्यांना दोष देऊ नकोस, त्यांचंही तोंड उघडत नसतं. पण सांगायला लाव, आणि सांगताना तू फोनवर थांब. ‘देवाघरी’ म्हटलं की लहान मूल परत कधी येणार ते विचारतंच; ‘मेले, शरीर बंद पडलं, आता येणार नाहीत’ हे शब्द कठोर वाटले तरी तेच वापर. प्रेत घरी आलेलं नसतं, मुलाने काही पाहिलेलं नसतं. फोटोपुढे दिवा लावणं, बाबांना आवडायची ती भजी करणं, असं काहीतरी त्याच्या हातून होऊ दे.

शोकाच्या घरात फॉर्मचं नाव काढायला जीभ रेटत नाही, पण काढायचं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने जून 2021 मध्ये 5 लाखांची मुदत ठेव आणि बालसंगोपन योजनेतून महिन्याला 1,125 रुपये जाहीर केले. मृत्यूचा दाखला नीट ठेवायला सांग. आणि पैशांची बातमी कळल्यावर अचानक मायेचे उमाळे आलेले काका-मामा निघतात, तेव्हा मूल कोणाच्या मांडीवर बसतं तिकडे लक्ष दे.

शेवटचं, तुझी माझी भांडणं यावरच होतील. मुंबईत आठवी ते बारावीच्या शाळा 4 ऑक्टोबर 2021 ला उघडल्या, लहान मुलांच्या त्याहून उशिरा. मग अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यासाठी रांग लागली. वाचता येत नाही म्हणून मुलं यायची. अगं, दीड वर्ष शिकवलंच नाही तर वाचणार कुठून? बिने-कामतची बुद्धिचाचणी समोरासमोर बसूनच घे, आणि आधी शंभर दिवस शिकवून बघायला सांग. दाखला उशिरा मिळाला तर आई चिडेल. चिडू दे. पण दहावीचं मूल असेल तर परीक्षेतल्या सवलतीची तारीख आधी बघ. तिथे माझं तत्त्व बाजूला ठेवायचं.

कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात एक निळी वही आहे. लाल पेनाने खूण केलेली नावं त्या फाटकापाशी बसणाऱ्या मुलासारख्या मुलांची. काहींचे नंबर बदलले असतील, मावशींना विचार.