चित्राचे दान



दिवाळी ते नाताळ या दिवसांत घराघरांतून रंगरंगोटी होते. भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात, आणि त्यांतील काही "एखाद्या गरिबांच्या संस्थेला द्या, फादर" असे सांगून धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून ठेवल्या जातात. कोणी हौसेने स्वतः काढलेले चित्र आणतो, तर कोणाकडे आजोबांच्या वेळचे तैलचित्र असते. भोर आणि वेल्हे (सरकारी दप्तरी आता राजगड) या आपल्या दोन तालुक्यांत डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांवरील कातकरी, महादेव कोळी, धनगर कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी झटणाऱ्या संस्था आहेत. अशा संस्थेला चित्र द्यावे काय, आणि द्यायचे तर कसे द्यावे, हा या रविवारच्या अभ्यासाचा विषय आहे.

पहिला आक्षेप सर्वांच्याच मनात येतो. ज्या घरात औषधाला पैसे नाहीत, तेथे चित्राचे काय काम? चित्राने पोट भरत नाही. हा आक्षेप जुना आहे आणि तो पवित्र शास्त्रात नोंदलेला आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानाचा १४वा अध्याय उघडा. बेथानी येथे शिमोनाच्या घरी एक स्त्री मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडते आणि ते तेल प्रभूच्या मस्तकावर ओतते. त्याची किंमत ३०० दीनारांहून अधिक होती. एक दीनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा हे जवळजवळ वर्षभराचे उत्पन्न झाले. जमलेल्यांपैकी काहीजण चिडले. हे विकून गोरगरिबांना पैसे देता आले असते, असा त्यांचा हिशेब होता. संत योहान तर सांगतो की हा हिशेब मांडणारा यहूदा होता आणि पैशाची थैली त्याच्याच ताब्यात असे.

प्रभूच्या उत्तरातले एकच अर्धे वाक्य आपण पाठ करून ठेवले आहे, गरीब नेहमीच असणार म्हणून. ते आपल्याला सोयीचे आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानात ते वाक्य तेथे संपत नाही. मनात येईल तेव्हा त्यांचे भले करण्यास तुम्ही मोकळे आहात, असा त्याचा पुढचा भाग आहे. शिवाय हे शब्द अनुवाद ग्रंथाच्या १५व्या अध्यायाची आठवण करून देतात, आणि तेथे तर गरीब बांधवासाठी हात मोकळा सोडण्याची स्पष्ट आज्ञा आहे. तेव्हा गरिबांना विसरण्याची परवानगी येथून निघत नाही. दुसरी एक गोष्ट मात्र निघते, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते तेल ज्याच्या मस्तकावर पडले तो कोण होता? डोके टेकायला स्वतःची जागा नसलेला, दोन-तीन दिवसांत मरणाला सामोरा जाणारा एक गरीब माणूस. गरिबांच्या नावाने हिशेब मांडणाऱ्यांना समोर बसलेला गरीब दिसलाच नाही. त्या स्त्रीला तो दिसला, आणि तिने त्याला सुंदर वस्तू दिली.

म्हणून आमचे उत्तर असे आहे की धान्य आणि औषध आधी, यात वाद नाही. पण धान्य देऊन झाले म्हणजे गरिबाचे सर्व देणे फिटले असे नाही. मार्च २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रस्त्यांवर राहणाऱ्या सुमारे १५० बेघर माणसांना व्हॅटिकनचे संग्रहालय आणि सिस्टीन चॅपेल पाहण्यास बोलावले होते. एरवी जे पाहण्यासाठी लोक तिकीट काढून रांगा लावतात, ते त्या दिवशी या पाहुण्यांसाठी मोकळे ठेवले होते. नंतर त्यांना जेवणही दिले. दोन्ही दिले.

आता दुसरा प्रश्न, कसले चित्र द्यावे? येथे संत थॉमस अक्विनास उपयोगी पडतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्याची सौंदर्याची तीन लक्षणे आम्ही घोकली होती: वस्तू पूर्ण असावी, तिच्यात प्रमाण असावे आणि तिच्यात तेज असावे. पैकी पहिले लक्षण दानाच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. जे मोडलेले, उणे झालेले आहे, ते तेवढ्यामुळेच कुरूप ठरते, असे तो म्हणतो. काच तडकलेली, कागदावर बुरशीचे डाग, कोपऱ्यातून रंग उडालेला, असे चित्र आपण आपल्या बैठकीच्या खोलीतून काढतो ते याच कारणाने. मग तेच वसतिगृहातल्या मुलीच्या डोळ्यांसमोर का लावायचे?

एका वसतिगृहाच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रेमांची थप्पी आम्ही पाहिली आहे. अधीक्षिका बाईंना विचारले, तेव्हा त्या संकोचाने म्हणाल्या, "फादर, टाकता येत नाहीत. देणारे कधी भेटीला आले तर विचारतील. ते येणार असे कळले की आम्ही लावतो, गेले की काढतो." तेथेच मुलींच्या निजायच्या खोलीत प्रत्येकीने आपल्या पत्र्याच्या पेटीवर वर्तमानपत्रातून कापलेली चित्रे भाताच्या खळीने चिकटवली होती. एकीकडे समुद्र होता, एकीकडे रेल्वेगाडी, एकीकडे नटी. म्हणजे चित्राची भूक होती. आमच्या चित्रांची नव्हती, इतकेच. देणाऱ्याने आधी त्या खोलीत जाऊन, मुलींना विचारले असते तर बरे झाले असते. दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले, असे अक्विनासच सांगतो. आपले दान भिंतीवर दिसलेच पाहिजे, ही अपेक्षासुद्धा परतफेडच आहे.

विचारून देणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्याच पुण्यात राहिलेल्या एका ख्रिस्ती चित्रकाराकडे पाहू. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यात सांत इस्तेव्ह येथे झाला. त्यांनी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. त्यांची पवित्र मरिया सावळी आहे, साडी नेसलेली आहे, आपल्या गावातील एखाद्या आईसारखी आहे. आज आपल्याला याचे काही वाटत नाही. पण त्या काळच्या गोव्यात गोऱ्या, युरोपीय वेषातील मरियेची सवय झालेल्या भाविकांना ते सहन झाले नाही आणि बरीच टीका झाली. फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. आश्रम अँग्लिकन बंधूंचा, चित्रकार कॅथलिक. तरी त्यांचे जमले. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सर्व देशांच्या आणि वंशांच्या कलेला ख्रिस्तसभेत मोकळीक दिली, आणि डामडौलापेक्षा साध्या उदात्त सौंदर्याला पसंती दिली. फोन्सेका ते करीत होते त्याला तोवर तीन दशके झाली होती. १९६७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी ती चित्रे अनेक वर्षे सांभाळली आणि अखेरीस मोठा संग्रह गोव्यातील पर्वरी येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी चालवलेल्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे सोपवला. जेथे चित्रकाराची टवाळी झाली, त्याच गोव्याला ती चित्रे मिळाली. ही संस्था संशोधनाची आहे, आपल्या विषयातल्यासारखी तळागाळातील लोकांची सेवा करणारी नव्हे, हे मान्य. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. चित्र पाहणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसावा, ही एक. दुसरी अशी की दान देण्याची घाई आयव्ही यांनी केली नाही. सांभाळू शकेल असे ठिकाण मिळेपर्यंत स्वतः सांभाळले.

येथे एक नाजूक प्रश्न येतो. आपल्यापैकी बरेचजण येशूचे किंवा पवित्र मरियेचे चित्र द्यायला आणतात. या भागातील वसतिगृहांतील मुले बहुतेक हिंदू कुटुंबांतील आहेत. अशा ठिकाणी न विचारता आपल्या धर्माचे चित्र नेऊन लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कायद्याच्या किंवा लोकांच्या भीतीने आम्ही हे म्हणत नाही. मदतीच्या पाकिटात गुपचूप घातलेली श्रद्धा ही श्रद्धाही नव्हे आणि मदतही नव्हे. कोणी मागितले तर आनंदाने द्यावे. एरवी तोरणा-राजगडाचे, भातलावणीचे, गुंजवणी किंवा नीरेच्या काठाचे चित्र द्यावे. सृष्टी निर्माण करणाऱ्याला त्यात काही कमी वाटेल असे आम्हांला वाटत नाही.

चित्र कोठे ठेवावे याचाही विचार हवा. आपल्याकडे चांगली चित्रे पुण्या-मुंबईसाठी असतात आणि खेड्याला उरलेली मिळतात. याला एक ठळक अपवाद सातारा जिल्ह्यात आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपला संग्रह औंधसारख्या दुष्काळी भागातील लहान गावी संग्रहालय उभारून तेथे ठेवला. १९३८ साली ते सुरू झाले. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प पाहायला लोकांना आजही औंधला जावे लागते. (भोरही संस्थान होते, आपला राजवाडा मात्र लोकांना चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे ठाऊक आहे.) पुण्यातील दिनकर केळकर यांची वाट उलटी होती. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये जमवली, वीस हजारांहून अधिक वस्तू झाल्या, आणि त्या सगळ्या लहानपणी वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने शासनाला देऊन टाकल्या. त्या वस्तू घडवणारे हात आपल्यासारख्याच गावांतले होते. आपल्या भागातील शाळेची सहल त्या संग्रहालयात जाते, तेव्हा मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

कधी संस्थेला चित्रापेक्षा त्याच्या विक्रीतून येणारे पैसे अधिक उपयोगी असतात. यात कमीपणा नाही. १९७९ साली मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी केवळ ५० रुपयांवर सुरू केलेल्या क्राय या संस्थेने चित्रकारांच्या चित्रांची शुभेच्छापत्रे छापून वंचित मुलांसाठी निधी उभा केला. युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र १९४९चे. त्यावरचे चित्र कोणा नामवंताचे नव्हते. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्यातील सात वर्षांच्या यित्का साम्कोव्हा या मुलीने, मदत मिळाली म्हणून आभारादाखल ते काढले होते, आणि कागद नव्हता म्हणून काचेवर काढले होते. म्हणजे ज्यांना आपण द्यायला निघतो, तेही देऊ शकतात. आपल्या भागातील मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे चित्र आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सभागृहासाठी योग्य मोल देऊन मागायला काय हरकत आहे?

कायद्याचे थोडे. चित्र हाती सोपवले की दान पूर्ण होते, पण सोबत दोन ओळींचे पत्र द्यावे, आणि संस्थेला ते विकण्याची किंवा दुसऱ्याला देण्याची मुभा आहे असे त्यात लिहावे. नाहीतर ते अडगळीत अडकून पडते. चित्र आपले झाले तरी ते छापण्याचा हक्क आपला होत नाही. तो चित्रकाराकडे आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिला त्यांच्याकडे राहतो. फोन्सेकांच्या चित्रांबाबत ही मुदत २०२७च्या अखेरीस संपते. तोवर त्यांची मरिया नाताळच्या कार्डावर छापायची तर परवानगी घ्यावी. घरातील चित्र किंवा संतांची लाकडी मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली तिच्या नोंदणीची चौकशी करूनच हलवावी. आणि आयकरातली सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. तेव्हा त्यासाठी पावती मागू नये.

वेल्ह्याचा पाऊस सर्वांना माहीत आहे. तेथे काच आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेला कागद एका पावसाळ्यात बुरसतो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना लाकडाचे छोटे ठोकळे लावावेत, म्हणजे हवा खेळती राहते. लहान मुलांच्या खोलीत काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा घालावा. खिळे, दोरी आणि ठोकायला एक माणूस हेही दानातच धरावेत. हा खर्च संस्थेवर टाकू नये. ज्यांना चित्र द्यायचे आहे त्यांनी चित्र घेऊन येण्याआधी कार्यालयात आपले नाव सांगावे. संस्थेत जाऊन भिंत पाहणे आणि तेथील मुलांशी बोलणे एप्रिलपर्यंत उरकले, तर मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, चित्रे लावून होतील.