एकाच बँडचे आठशे शो कशाला ऐकायचे?

प्रश्न : माझा पुतण्या ‘फ्युगाझी’ नावाच्या अमेरिकन बँडचा भक्त आहे. त्याच्याकडे त्यांचे सगळे अल्बम आहेत, ते समजू शकतो. पण शिवाय वेगवेगळ्या गावांतल्या शोची रेकॉर्डिंगही तो विकत घेत असतो. त्यात गाणी तीच ती! अशी आठशेंच्या वर रेकॉर्डिंग बँडने जपून ठेवली आहेत म्हणे. हेच लोक साधा टी-शर्टही विकत नसत, असंही तो अभिमानाने सांगतो. मग हा उद्योग कशासाठी? आणि पोस्ट-हार्डकोर हा काय प्रकार आहे? मला ऐकायचं झालं तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पुतण्याचं काही चुकत नाही. फ्युगाझीचे लोक मंचावर जाताना गाण्यांची यादी नेत नसत. पुढचं गाणं कोणतं, हे तिथल्या तिथे ठरे. एक जण गिटारवर दोन-चार सूर छेडी, बाकीच्यांनी ते ओळखून उडी घ्यायची. दौऱ्यावर निघालेले बहुतेक रॉक बँड रोज रात्री तीच गाणी त्याच क्रमाने वाजवतात. दिव्यांची उघडझापसुद्धा आधी बसवलेली असते. इथे तसं काही नव्हतं. एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याच्या मधली जागा मोकळी असे, आणि त्या जागेत कधी चार सेकंदांची शांतता, कधी पाच मिनिटांचा गोंगाट, तर कधी श्रोत्यांशी वादावादी होई. काल यमन ऐकला म्हणून आज कोणी यमनातून उठून जात नाही, तसंच हे थोडंफार. थोडंफार एवढ्यासाठी की गाणी बांधलेलीच होती. बदलत होते ते सांधे.

आता थोडं मागे जाऊ. १९८०च्या सुमारास वॉशिंग्टन डीसीतल्या शाळा-कॉलेजातल्या पोरांनी पंक रॉक आणखी वेगवान आणि आणखी तोकडं केलं. मिनिट-दीड मिनिटाचं गाणं, ओरडून म्हटलेले शब्द, संपलं की लगेच पुढचं. हे हार्डकोर. इयन मकाय हा त्यातला बिनीचा गडी. त्याचा ‘मायनर थ्रेट’ हा बँड १९८३मध्ये मोडला, पण दारू-सिगारेट-ड्रग्जला नकार देणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ या पंथाला नाव मिळालं ते त्यांच्याच एका गाण्यावरून. पुढे शोमध्ये मारामाऱ्या वाढल्या, गाणी एकसुरी झाली. १९८५च्या उन्हाळ्यात त्याच शहरातल्या काही बँडनी ठरवून वेगळी वाट धरली. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ हा त्यांतला महत्त्वाचा. त्याचा गायक गी पिचोटो, ड्रमर ब्रेंडन कँटी. हार्डकोरची तडफ ठेवायची, पण वेग, लांबी, आवाजाची पातळी ही सगळी बंधनं सोडायची, असं ज्या संगीताने केलं त्याला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. याहून काटेकोर व्याख्या करायला गेलं की त्या गल्लीतले लोकच भांडायला उठतात.

मकायला स्टूजेससारख्या दणदणीत रॉकची आणि रेगेची सांगड घालायची होती. बास वाजवणारा जो लॅली त्याला भेटला. ड्रम्सवर कँटी आला. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये फ्युगाझीचा पहिला शो झाला, आणि त्यानंतर पिचोटोही सामील झाला. सुरुवातीला तो गिटार घेत नसे, फक्त गायचा आणि मंचभर उधळायचा. एका जिममधल्या शोत तो बास्केटबॉलच्या कड्यात पाय अडकवून उलटा लटकला आणि तसाच गात राहिला. जेम कोहेनच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ या १९९९च्या माहितीपटात ते दृश्य आहे. हे चौघे शेवटपर्यंत तेच राहिले. पुढच्या काळात जेरी बुशर दुसरा ड्रमर म्हणून साथीला येई, तेवढाच फरक.

शो टेप का झाले, याचं उत्तर फार गूढ नाही. साउंडमन मिक्सरला कॅसेट डेक जोडून ठेवत. आधी कॅसेट, मग डॅट म्हणजे डिजिटल टेप, मग सीडी. पंधरा वर्षांत हजारावर शो झाले: अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, युरोपात, ऑस्ट्रेलियात, जपानात, ब्राझीलमध्ये. त्यांतले आठशेहून जास्त टेप झाले. मकाय मुळातच जपून ठेवणारा माणूस, त्यामुळे टेपांसोबत पत्रकं, फोटो आणि तिकिटाच्या दराची नोंदही राहिली. २००४मध्ये त्यांतले काही शो सीडीवर निघाले, आणि डिसेंबर २०११पासून अख्खा साठा हळूहळू इंटरनेटवर यायला लागला. सुचवलेली किंमत ५ डॉलर, पण ऐकणाऱ्याने १ पासून १०० डॉलरपर्यंत आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावेत.

५ डॉलर हा आकडा सहज आलेला नाही. शोचं तिकीटही वर्षानुवर्षं साधारण तेवढंच असे. पुढे पुढे कुठे सहा-सात. पुतण्यासारखे चाहते याला तत्त्वनिष्ठा म्हणतात, आणि ती होतीच. मला मात्र त्यामागचा हिशेब जास्त आवडतो. मॅनेजर नाही, त्यामुळे त्याचा टक्का नाही. शो ठरवायचे फोन मकाय स्वतः करी. प्रवास व्हॅनने. रेकॉर्ड काढायला घरची कंपनी, डिस्कॉर्ड. मकायने मित्रांबरोबर १९८०मध्ये ती काढली आणि शहरालगतच्या आर्लिंग्टनमधल्या एका घरातून चालवली. खर्च इतका कमी ठेवला की पाच डॉलरांतही चौघांचं भागे आणि वर उरे. मोठ्या कंपन्या दारात आल्या, ‘लोलापलूझा’सारख्या मोठ्या फिरत्या महोत्सवाचं बोलावणं आलं, दोन्हींना नकार. वॉशिंग्टनमध्ये वाजवायचं तर शो फुकट किंवा कुठल्या तरी संस्थेच्या मदतीसाठी. जानेवारी १९९१मध्ये, आखाती युद्ध पेटण्याच्या ऐन तोंडावर, ते कडाक्याच्या थंडीत व्हाइट हाऊससमोरच्या लाफाएट पार्कमध्ये निषेध म्हणून वाजवत होते.

अमेरिकेत दारू मिळते अशा अनेक ठिकाणी एकवीसच्या आतल्यांना शोला प्रवेश नसतो. फ्युगाझीचा आग्रह असा की कुठल्याही वयाच्या माणसाला आत येता आलं पाहिजे. मग चर्चचे हॉल, जिम, सभागृहं शोधावी लागत. आणि आत आलेल्यांनी एकमेकांना तुडवायचं नाही, हाही आग्रह. कोणी गर्दीत लाथाबुक्क्या चालवायला लागला की गाणं थांबे, मकाय किंवा पिचोटो त्याला उद्देशून समज देत, आणि ऐकलं नाही तर पाकिटात घालून ठेवलेले ५ डॉलर परत करून दरवाजा दाखवत. एका दांडगटाची तर पिचोटोने, शोच्या आधी तू आइस्क्रीम खात होतास ते मी पाहिलंय, म्हणून भर गर्दीत टर उडवली. हे सगळं टेपवर आहे. पुतण्या बहुधा यासाठीच आठशे शो धुंडाळतो आहे, असा माझा कयास!

टी-शर्टचं म्हणाल तर ते खरं आहे. बँडच्या नावाचा कपडा त्यांनी विकला नाही. शेवटी ‘हा फ्युगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले शर्ट तिसऱ्याच कोणी तरी विकले, आणि ते भरपूर खपले.

आता ऐकायचं कुठून? ‘१३ साँग्ज’पासून. १९८८ आणि १९८९च्या दोन छोट्या रेकॉर्डी एकत्र करून हा संच निघाला. त्यातला पहिला अर्धा भाग आर्लिंग्टनच्या ‘इनर इअर’ स्टुडिओतला; डॉन झिएंटाराने आपल्या घराच्या तळघरात सुरू केलेली ही जागा, आणि वॉशिंग्टनच्या पंकचा मोठा हिस्सा तिथेच मुद्रित झाला. दुसरा भाग लंडनमध्ये जॉन लोडरच्या स्टुडिओतला. पहिलंच गाणं ‘वेटिंग रूम’. लॅलीच्या बासवर ते सुरू होतं, रंगात येतं न येतं तोच सगळं एकदम थांबतं, आणि मग पुन्हा सगळे एकाच क्षणी आत येतात. पोस्ट-हार्डकोर म्हणजे काय, याचं उत्तर त्या थांबण्यात आहे. हार्डकोरवाला तिथे कधीच थांबला नसता.

मग १९९०चा ‘रिपीटर’. इथे पिचोटोने गिटार उचलली आणि दोन गिटारींची खडाजंगी सुरू झाली. १९९१चा ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ त्यांनी बाहेरचा निर्माता न घेता स्वतःच सांभाळला. मला तो कोरडा वाटतो, चांगली गाणी बंद खिडकीतून आल्यासारखी. १९९३च्या ‘इन ऑन द किल टेकर’ची कथा मजेची आहे. आधी ते शिकागोला ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेले. एक-दोन गाणी करून बघू म्हणता म्हणता अख्खा अल्बम मुद्रित झाला, तेव्हा सगळे खुशीत होते. घरी परतताना टेप ऐकली तर मजा गेलेली. अल्बिनीलाही तेच वाटलं आणि त्याने तसं कळवलंही. मग निर्माता टेड नाइसलीबरोबर इनर इअरमध्ये सगळं नव्याने केलं. शिकागोच्या टेपा चाहत्यांत हातोहात फिरल्या. त्या ऐकल्यावर मला तरी बँडचा निर्णय पटतो, जरी उलट मत असणारेही पुष्कळ भेटतील.

‘रेड मेडिसिन’ हा १९९५चा अल्बम माझा लाडका. विक्षिप्त, हसरा, मध्येच क्लॅरिनेट. ‘एंड हिट्स’ १९९८चा. त्याला दमाने वेळ द्यावा लागतो. आणि २००१चा ‘द आर्ग्युमेंट’ सर्वांत रेखीव. त्यातलं ‘कॅशआउट’ हे गाणं जुन्या वस्तीतून भाडेकरूंना हुसकावून तिथे पैसेवाल्यांची घरं उभी राहण्यावर आहे. गिरणगावातून शिवडी-लालबागचे टॉवर पाहत मोठ्या झालेल्या कोणाही माणसाला ते कानाआड करता येणार नाही.

एवढं झाल्यावर शो. आठशेच्या डोंगराकडे पाहून घाबरू नका. एक १९८८-८९मधला घ्या आणि एक २००१-०२मधला. दोन्हींत असलेलं एखादं गाणं निवडा आणि पाठोपाठ ऐका.

शेवटचा शो ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरममध्ये झाला. बँड मोडल्याची घोषणा त्यांनी कधी केली नाही. मुलंबाळं, संसार यांमुळे थांबलो आहोत, एवढंच म्हटलं. चौघांची मैत्री टिकून आहे. लॅली आणि कँटी गिटारवादक अँथनी पिरॉगबरोबर ‘मेसथेटिक्स’मध्ये वाजवतात, मकाय आणि लॅली एमी फारीनाबरोबर ‘कोरिकी’त. मेसथेटिक्सने २०२४मध्ये सॅक्सोफोनवादक जेम्स ब्रँडन लुइसबरोबर जॅझच्या ‘इम्पल्स’ या नामांकित कंपनीसाठी अल्बम केला. पुतण्याकडे तो नसेल, तर वाढदिवसाची भेट ठरली म्हणून समजा.